सात नंबरचा कठडा

९ जून

चि. भावजी यांस,

आज सहाला उठले. दूध तापवलं. नऊच्या सुमारास तुमच्या कार्यालयातले दोघे जण हातगाडी घेऊन आले आणि म्हणाले, सरांच्या वह्या न्यायच्या आहेत. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर तुमची तीन ओळींची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी ठेवून घेतली, माणसांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. मग मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणायला गेले. रांग मोठी होती. एकला घरी आले, जेवले. दुपारी यांची उरलेली औषधं दवाखान्यात देऊन आले. न उघडलेली पाकिटं दुसऱ्या कुणाला चालतील.

तुम्ही आठवडाभरात नऊ वेळा फोन केलात. मी उचलला नाही. फोनवर बोललेलं नंतर ज्याच्या त्याच्या सोयीचं होतं. काय हवं ते लिहून मागा.

वह्या एकतीस आहेत. वर्षाला एक. सहा वर्षांपूर्वी यांची विभागातली खोली तुम्ही तुमच्या कक्षासाठी घेतलीत, तेव्हा याच वह्या जिन्याखाली फुटक्या खुर्च्यांबरोबर टाकल्या होत्या. यांनी स्कूटरवरून चार खेपा घालून घरी आणल्या. तेव्हा हातगाडी कुणी पाठवली नव्हती.

आता एकदम कशाला हव्यात, ते कळवा.

वहिनी

१२ जून

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

घरातल्या घरात पत्रं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या बंगल्यापासून तुमची क्वार्टर दहा मिनिटांवर आहे. पण तुमची इच्छा. तुमच्या भाषेत लिहितो, म्हणजे थोडक्यात.

सरकार या वर्षी देशातल्या फक्त अकरा विद्यापीठांना विशेष संशोधन दर्जा देणार आहे. हा दर्जा मिळाला तर आपले अभ्यासक्रम, आपल्या नेमणुका, आपल्या प्रयोगशाळा, सगळं आपल्या हातात येतं. नाही मिळाला तर आपण परीक्षा घेणारा कारखाना म्हणून राहू. नियोजन कार्यालयाचा प्रमुख म्हणून प्रस्ताव तयार करायचं काम माझ्याकडे आहे. त्यात एक रकाना असा आहे: ‘विद्यापीठाच्या संशोधकाने सलग तीस वर्षं किंवा जास्त काळ घेतलेल्या मूळ नोंदी.’ या रकान्याला भरपूर गुण आहेत आणि बहुतेक विद्यापीठं तो कोरा सोडणार. आपल्याकडे एकच माणूस असा होता, जो एकतीस वर्षं दर पंधरवड्याला बारा विहिरींचं पाणी मोजत हिंडला. माझा दादा.

तेव्हा वह्या द्या. खरं तर मागायचीही गरज नाही, विद्यापीठाच्या पगारावर घेतलेल्या नोंदी विद्यापीठाच्याच. पण मी भाऊ म्हणून मागतोय. समिती वीस ऑगस्टला येते आहे. दादाचं नाव होईल. एखाद्या दालनाला त्याचं नाव द्यायचं कुलगुरूंच्या मनात आहे. जिवंतपणी जे मिळालं नाही ते आता मिळत असेल तर तुम्ही आडवं येऊ नका, एवढंच म्हणणं.

धाकटा

१६ जून

चि. भावजी यांस,

पाकिटावर आणि आत, दोन्हीकडे तुम्ही मला सौ. लिहिलंत. त्या दिवशी तुमच्या दादांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. राग नाही, पण पाहून ठेवलं.

आज कपाट उघडून वह्या पुसल्या. त्यात सकाळ गेली. दुपारी इस्त्रीवाल्याकडे यांचे चार शर्ट पडून होते ते घेऊन आले.

जिवंतपणी जे मिळालं नाही, असं तुम्ही लिहिता. का मिळालं नाही ते तुम्हाला माहीत आहे. बढतीच्या बैठकीत तुम्ही होतात. ‘दोरी सोडून विहीर मोजणं याला आपण संशोधन म्हणायचं का,’ असं तिथे कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. कोण म्हणालं ते यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

दोरी नव्हती ती. पोलादी टेप होता. त्याच्या खालच्या दोन मीटरला खडू फासायचा, कठड्यावरच्या लाल खुणेला टेप धरून ठरलेल्या आकड्यापर्यंत आत सोडायचा, वर ओढायचा आणि खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. वजाबाकी केली की पाणी किती खाली आहे ते कळतं. मिलिमीटरपर्यंत कळतं. दर दुसऱ्या बुधवारी, सकाळी सात ते अकरा. आमच्या लग्नाचा वाढदिवस सहा वेळा बुधवारी आला. मी विचारायची तर म्हणायचे, विहिरीला घाई नसते, पण आपण चुकलो तर ती थांबत पण नाही.

वह्या घराबाहेर जाणार नाहीत. प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंना इथे पाठवा. त्या माझ्यासमोर बसून आकडे उतरवून घेतील. प्रत्येक तक्त्याखाली यांचं नाव यायला हवं. दालन नको.

वहिनी

११ जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सहायक बाई अठरा दिवस तुमच्याकडे बसल्या. परत आल्या त्या दीड किलो वजन वाढवून, असं त्याच सांगतात. आभार. काम उत्तम झालं आहे.

आता ऐका. अकरा विहिरींत सांगण्यासारखं काही नाही, पाणी चढतं, उतरतं. पण सात नंबर! ग्रंथालयामागची. अठ्ठावीस वर्षं एका पातळीच्या आसपास, आणि गेल्या दोन वर्षांत अर्ध्या मीटरहून जास्त खाली. वर्षाच्या सरासरीचा आलेख काढला तर कड्यावरून पडल्यासारखी रेघ दिसते. जमिनीखालचं पाणी आटतं आहे याचा पुरावा, आपल्याच आवारात, आपल्याच माणसाने पकडलेला. कुलगुरूंना दाखवला तर खुर्चीतून उठले. म्हणाले, ही विहीर आटता आटता आपल्याला पाणी पाजणार. प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर हाच आलेख जाणार आहे. खाली दादाचं नाव, तुमच्या अटीप्रमाणे.

एक बारीक गोष्ट राहिली. शेवटच्या अडीच वह्यांतलं अक्षर वेगळं आहे असं बाई म्हणतात. मीही पाहिलं. सातच्या आकड्याला आडवी रेघ आहे. दादा सातला कधी रेघ देत नसे, लहानपणी मी त्याच्याच वह्या पाहून गणितं उतरवली आहेत. शिवाय ‘मोजणाऱ्याची सही’ हा रकाना तिथे कोराच आहे. त्याची तब्येत मला माहीत होती. चार पायऱ्या चढून धाप लागणारा माणूस टेप घेऊन टेकडीवरच्या विहिरींपर्यंत कसा जात होता?

वहिनी, त्याने घरी बसून आकडे भरले असतील तर मला ते ऐकायचं नाही. गेलेल्या माणसाला मी उघडं पाडणार नाही. सोबत प्रतिज्ञापत्राचा मसुदा आहे: सर्व नोंदी शेवटपर्यंत त्यांनी स्वतः प्रत्यक्ष घेतल्या, हे पत्नी या नात्याने मला माहीत आहे. सही करून पाठवा. बाकीचं मी निस्तरतो, नेहमीसारखं.

धाकटा

१४ जुलै

चि. भावजी यांस,

आज पहाटे पाचला उठले. सातला ग्रंथालयामागे गेले. साडेदहाला परत आले. तेव्हापासून हे पत्र लिहिते आहे. आज स्वयंपाक केला नाही.

तुमच्या दादांनी घरी बसून आकडे भरले नाहीत. सातला रेघ मी देते. तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं मोजून दिली. तिथे एकचा सात झाला तर माणूस दगावतो, म्हणून आम्हाला रेघ द्यायला शिकवतात. त्या नोंदी माझ्या आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारपासून या एप्रिलच्या शेवटच्या बुधवारपर्यंत. अठ्ठावन्न बुधवार. हे रिक्षाने जाऊन वर्गात बसून शिकवू शकत होते, पण विहिरींपर्यंत चालू शकत नव्हते. टेप कसा धरायचा ते यांनी मला मोरीत बादलीवर शिकवलं. पहिले तीन बुधवार हे रिक्षात बसून लांबून पाहत होते आणि मी परत आले की सांगत होते, खुणेला अंगठा लावतेस तो काढ. नंतर तेही जमेना. मग मी मोजून यायची आणि हे खिडकीत वाट पाहत बसलेले असायचे. चहाच्या आधी आकडे विचारायचे.

सहीचा रकाना यांनी कोरा ठेवला. मी म्हटलं, तुमची सही करा, कोण विचारतंय. तर म्हणाले, मोजलं नाही तिथे मी सही करत नाही. आणि तुझं नाव घातलं तर एवढ्या वर्षांच्या वह्या हे लोक रद्दीत घालतील. नंतर पाहू. ते नंतर आलं नाही.

तुम्ही म्हणाल, मदतनीस मागायचा होता. मागितला होता. तीन वेळा. तिसरा अर्ज माझ्यासमोर आहे. त्यावर शेरा आहे, ‘सध्या अग्रक्रम नाही.’ खाली सही तुमची आहे.

आता सात नंबर. तुमचं पत्र आल्यापासून मला ते अर्ध्या मीटरचं डोक्यातून जाईना. शेजारच्या सहा आणि आठ नंबरला काही झालं नाही आणि मधलीच विहीर खाली जाते, हे कसं? म्हणून आज गेले. कठडा छान आहे, लाल दगडाचा, वर गोल घोटलेला. मला तो पहिल्या दिवसापासून तसाच माहीत. लाल खूण आहे, तिथेच मी टेप धरत आले. माळी झाडांना पाणी घालत होता. त्याला विचारलं, हा कठडा पहिल्यापासून असाच का?

“छे हो बाई,” तो म्हणाला, “दोन वर्षं झाली. ती मागची समिती यायची होती ना, तेव्हाचा. सुशोभीकरण. जुना बुटका होता, फोटोत दिसत नव्हता म्हणे.”

“आणि ही लाल खूण कुणी काढली?”

“गवंड्यानेच. जुन्यावर होती, मग नव्यावर नको? तो म्हणाला, उगाच कुणाचं काही राहिलं म्हणून बोलणी कोण खाणार.”

कठडा जानेवारीत झाला. मी फेब्रुवारीत मोजायला लागले. आतल्या बाजूने वाकून पाहिलं तर जुन्या दगडांची कड अजून दिसते. मोजली. नवी खूण जुनीपेक्षा चोपन्न सेंटिमीटर वर आहे. म्हणजे मी प्रत्येक वेळी चोपन्न सेंटिमीटर हवा मोजली. पाणी कुठेही गेलेलं नाही. जिथे होतं तिथेच आहे. तुम्ही वर्षाची सरासरी काढलीत म्हणून कडा दिसतो. पंधरवड्याचे आकडे पाहा, एकाच पायरीत खाली येतं आणि मग सरळ चालतं.

हे आधी कळायला हवं होतं. यांना कळलं होतं. माझ्या पहिल्याच बुधवारी आकडे ऐकताना यांनी मला थांबवलं आणि विचारलं, सात नंबर एवढी कशी उतरली? नीट पाहिलंस? मी दमून आले होते. मी म्हटलं, तीस वर्षं मिलिग्रॅम मोजले आहेत, तुमच्या विहिरीला घाबरत नाही, आणि पटत नसेल तर स्वतः जाऊन या. स्वतः जाऊन या, असं म्हटलं मी. यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी आकडा लिहिला. यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मुखपृष्ठावरचा आलेख काढा. प्रस्तावात लिहा की शेवटच्या अठ्ठावन्न नोंदी मी घेतल्या आणि सात नंबरच्या नोंदींत चोपन्न सेंटिमीटरची दुरुस्ती आहे. यांच्या नावाखाली चुकीचा आकडा जाता कामा नये. चूक माझी आहे, ती माझ्या नावावर घाला.

प्रतिज्ञापत्र परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

वहिनी

१८ जुलै

वहिनी,

हे पत्र तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत का, ते आधी कळवा.

तुम्ही काय लिहिलं आहे याची तुम्हाला कल्पना दिसत नाही. नियम ‘विद्यापीठाच्या संशोधकाने’ असा आहे. तुम्ही विद्यापीठाच्या कोणीही नाही. तुमचे अठ्ठावन्न बुधवार काढले तर दादाची एकतीस वर्षं तीसच्या आत येतात. रकाना कोरा. शिवाय मुखपृष्ठावर जो शोध आहे तो आमच्याच गवंड्याने बांधला, असं आम्ही समितीला सांगायचं! प्रस्तावाच्या दोनशे प्रती छापून झाल्या आहेत.

आणि हे बाहेर गेलं तर लोक चोपन्न सेंटिमीटर लक्षात ठेवणार नाहीत. लोक म्हणतील, प्राध्यापक आजारी आणि बायको आकडे लिहीत होती. मग आधीच्या अठ्ठावीस वर्षांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. दादाचं नाव राखायला निघालात आणि तुम्हीच ते मातीत घालताय. त्याने शंका काढली तेव्हा त्याचं तोंड तुम्हीच बंद केलंत, हे तुमच्याच अक्षरात माझ्यासमोर आहे. आता एवढा खरेपणा कुठून आला?

माझ्या सहीचा म्हणताय तो अर्ज मला आठवत नाही. दिवसाला पन्नास कागद येतात. भावाचा म्हणून वेगळा काढला असता तर तुम्हीच पहिल्या बोलला असतात.

क्वार्टरची मुदत पंधरा सप्टेंबरला संपते. समिती नीट पार पडली तर ती वाढवणं माझ्या हातात आहे. प्रतिज्ञापत्र पुन्हा पाठवतो आहे. या वेळी विचार करून उत्तर द्या.

धाकटा

२२ जुलै

चि. भावजी यांस,

आज अकराला शेवटच्या तीन वह्या पिशवीत घालून विभागात गेले. सहायक बाईंनी नोंदवहीत लिहून घेतलं आणि पोच दिली. दुपारी बाकीच्या अठ्ठावीस त्या स्वतः येऊन घेऊन गेल्या. वह्या विद्यापीठाच्या आहेत असं तुम्ही म्हणाला होतात. आता विद्यापीठाकडे आहेत.

देण्याआधी दोन कामं केली. ‘मोजणाऱ्याची सही’ या रकान्यात अठ्ठावन्न वेळा माझं पूर्ण नाव लिहिलं, आजच्या तारखेसह. मागच्या तारखेने लिहिलं असतं तर ती खोटी सही झाली असती. आणि सात नंबरच्या पानांवर लाल शाईने दुरुस्ती लिहिली, कठडा कधी वाढला, किती वाढला, कुणी सांगितलं. आधीचे आकडे पुसलेले नाहीत. दवाखान्यात चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं असतं, खालचं वाचता आलं पाहिजे. तसंच केलं आहे.

तोंड बंद केल्याचं तुम्ही लिहिलंत. ते मला रोज माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नव्हती.

प्रतिज्ञापत्राचा कागद एका बाजूने कोरा होता, त्यावर सामानाची यादी केली. क्वार्टर वेळेवर सोडीन. मुदत वाढवू नका.

वहिनी

२९ ऑगस्ट

वहिनी,

तुमच्या विनंतीविरुद्ध मुदत तीस सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. तो आदेश आठवड्यापूर्वीचा, तेव्हा मी खुर्चीत होतो. सोमवारपासून मी परीक्षा विभागात बसतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजतो. मोजायचं काम आपल्या घराण्यात चांगलं चालतं.

दर्जा मिळाला नाही. अजून जाहीर व्हायचं आहे, पण समितीने जाता जाता सांगून टाकलं. तुम्हाला आनंद होईल म्हणून सविस्तर लिहितो.

सहा जण होते. पाच जणांनी पडद्यावरचा आलेख पाहिला, चहा घेतला. सहाव्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. म्हणाल्या, आलेख राहू द्या, वह्या आणा. मी म्हटलं, वह्या जुन्या आहेत, हाताळण्यासारख्या नाहीत. तर तुमच्या त्या सहायक बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, आहेत की मॅडम, आत्ता आणते. आणल्या. मॅडम अर्धा तास पानं उलटत होत्या. मग रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “या कोण?”

कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “कर्मचारी.”

“कोणत्या पदावर?”

मी फाइलीत पद शोधल्यासारखं केलं.

“आडनाव प्राध्यापकांचंच दिसतं. तुमचंही तेच आहे.”

“माझ्या वहिनी आहेत,” मी म्हटलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “वहिनींनी लाल शाईत खोडून ठेवलेलं तुम्ही मुखपृष्ठावर कसं छापलंत?”

मग उन्हात सगळ्यांना घेऊन ग्रंथालयामागे गेल्या आणि त्या कठड्यावर हात फिरवत म्हणाल्या, बांधकाम उत्तम आहे. कुणी हसलंसुद्धा नाही. पुढचं तुम्हाला कळतंच. वह्यांच्या प्रती मात्र त्यांनी केंद्र सरकारच्या संग्रहासाठी मागवल्या आहेत. तुमच्या दुरुस्तीसकट. दादाची अठ्ठावीस वर्षं आणि तुमची दोन, वेगवेगळी लावून. अशा वह्या पाहायला मिळत नाहीत म्हणाल्या.

तुम्हाला वाटत असेल की मी पानं फाडू शकलो असतो. एका संध्याकाळी वही काढून बसलोही होतो. चांगुलपणा समजू नका. पानांवर छापील क्रमांक होते.

टेबल रिकामं करताना आवक फायलीत सोबतचा कागद सापडला. आमच्या कार्यालयाचा शिक्का आहे, तारीख दोन वर्षांपूर्वीची, बावीस मार्च. मी तो तेव्हा पाहिला नव्हता, शपथेवर सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. वाचा. तुम्हाला नाव लपवायला सांगून तो स्वतः तुमच्या पाठीमागे कार्यालयाला लेखी कळवून मोकळा झाला होता की मोजणारं दुसरंच कुणी आहे. ज्याच्यासाठी तुम्ही मला आयुष्यातून उठवलंत त्याचा तुमच्यावर केवढा भरवसा होता ते पाहा.

धाकटा

(सोबतचा कागद)

प्रति, नियोजन कार्यालय.
विषय: विहीर क्र. ७.

विहीर क्र. ७ च्या नोंदीत एकाच पंधरवड्यात अर्ध्या मीटरहून जास्त फरक दिसत आहे. माझ्या प्रकृतीमुळे सध्या नोंद दुसरी व्यक्ती घेते. ती व्यक्ती माझ्यापेक्षा काळजीपूर्वक मोजते, तिच्या मोजण्यात चूक संभवत नाही. तेव्हा कठड्याच्या उंचीत किंवा खुणेत काही बदल झाला आहे का, झाला असल्यास किती, हे कृपया लेखी कळवावे, म्हणजे तिला पुन्हा हेलपाटा पडणार नाही.

२ सप्टेंबर

चि. भावजी यांस,

तुमचं पत्र परवा आलं. आतला कागदही मिळाला.

तुम्ही लिहिता, यांनी माझ्या पाठीमागे कळवलं. बरोबर आहे. समोर विचारलं तेव्हा मी अंगावर गेले, म्हणून यांनी कार्यालयाला विचारलं. कार्यालयाने उत्तर दिलं नाही. उत्तर आलं असतं तर यांनी ते वहीत चिकटवलं असतं आणि मला काही बोलले नसते. अशा कागदातलं तुमच्या कामाचं वाक्य तेवढं तुम्ही वाचता. त्याच्या पुढचं वाक्य तुम्ही वाचलं नाहीत. मी वाचलं. ते इथे पुन्हा लिहीत नाही, कागद माझ्याजवळ आहे आणि तो मी परत देणार नाही. आवक फायलीत एक कागद कमी पडला तर माझं नाव सांगा.

कागद पाठवलात त्याबद्दल आभार मानायचे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. तुम्ही तो मला बोचावं म्हणून पाठवलात. त्यामुळे आभार मानत नाही.

विद्यापीठाला दर्जा मिळाला नाही याचा मला आनंद झालेला नाही. तुमची खुर्ची गेली याचाही नाही. हे शिकवायचे त्या खोल्यांना चांगल्या खिडक्या झाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तुम्ही सगळे मिळून कठडे बांधत होतात.

मी बहिणीच्या गावी दोन खोल्या पाहिल्या आहेत. सामान पंधरा तारखेला जाईल. किल्ली मी स्वतः कचेरीत देईन आणि पोच घेईन. तुम्ही निरोप द्यायला येऊ नका. जाऊबाईंना यायचं असेल तर येऊ द्या, त्यांच्याशी माझं काही नाही. यापुढे लिहू नका. मीही लिहिणार नाही.

आज साडेपाचला उठले. भांडी खोक्यात भरली. मग मोठी चादर धुवायला घेतली. ती पिळायला दोन माणसं लागतात, म्हणून एक टोक नळाला गुंडाळलं आणि दुसरं टोक धरून पीळ देत मागे मागे सरकत गेले, दारापर्यंत. पाणी निघालं. झटकली आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली.

वहिनी